गुडघ्यातले पाणी कोणी पाहिले?

विदर्भात सांधेदुखीला नावे थोडी आणि औषधे फार. कंबर धरली की वात, बोटे आखडली की संधिवात, आणि पायाचा अंगठा लाल होऊन सुजला की युरिक ॲसिड. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या तिसऱ्या नावाने पहिल्या दोघांना पार मागे टाकले आहे. धंतोली-रामदासपेठेत दर चार पावलांवर एक पॅथॉलॉजी लॅब आहे, आणि तिथून बाहेर पडणारा माणूस हातातला कागद वाचत म्हणतो, ‘मला युरिक ॲसिड निघाले.’ ते प्रत्येकाच्याच रक्तात असते, ही गोष्ट अलाहिदा. एका रसायनाचे नाव आमच्याकडे आजाराचे नाव होऊन बसले.

या लेखाचा विषय मात्र चौथे नाव आहे. इंग्रजीत त्याला ‘स्यूडोगाऊट’ म्हणतात. मराठीत त्याला छद्म-गाऊट म्हणता येईल, किंवा खडी गंमत पाहिलेल्यांना लवकर कळेल असे म्हणायचे तर गाऊटचे सोंग. गुडघा किंवा मनगट अचानक फुगते, तापते, हात लावू देत नाही, कधी अंगात तापही भरतो. सगळा देखावा गाऊटचा. पण सांध्यात युरिक ॲसिडचे स्फटिक नसतात. असतात ते कॅल्शियमचे, नेमके सांगायचे तर कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे. साठीच्या आत हा आजार क्वचित दिसतो, सत्तरी-ऐंशीत पुष्कळदा. इतका जुना आणि इतक्या म्हाताऱ्या माणसांना छळणारा हा आजार वैद्यकाला वेगळा म्हणून दिसला तो १९६२ साली. त्याआधी तो कुठे होता, आणि तो दिसायला नेमके काय लागले, हा प्रश्न मला बरीच वर्षे धरून बसला आहे. मी डॉक्टर नाही. जुनी गॅझेटियरे, खाणींचे अहवाल आणि दवाखान्यांची जुनी दप्तरे वाचणे एवढाच माझा अधिकार. पण या आजाराचा इतिहास वाचताना असे वाटत गेले, की योग्य डॉक्टर कोण या रोजच्या प्रश्नाचे उत्तर याच इतिहासात दडलेले आहे.

सुरुवात आपल्याकडूनच करू. चरकाच्या चिकित्सास्थानात ‘वातरक्त’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. त्याच्या पर्यायी नावांपैकी एक आहे ‘आढ्यवात’, म्हणजे श्रीमंताचा वात. युरोपातही गाऊटला राजांचा रोग म्हणत, तेव्हा दोन्हीकडच्या निरीक्षकांना तोच पलंग आणि तेच ताट दिसले असावे. सुश्रुताने वातरक्त अंगभर पसरण्याला उंदराच्या विषाची उपमा दिली आहे: पायापाशी किंवा हातापाशी सुरू होते आणि हळूहळू सरकत जाते. पुढे माधवनिदानात ‘आमवात’ वेगळा काढला गेला. म्हणजे सांध्यांचे सगळे दुखणे एक नाही, हे आपल्या वैद्यांना चांगले ठाऊक होते. त्यांनी भेद केले ते रुग्णाकडे पाहून, हात लावून, त्याचे खाणेपिणे विचारून. सांध्याच्या आत पाहण्याचे साधन मात्र त्यांच्याकडे नव्हते, आणि युरोपातल्या वैद्यांकडेही नव्हते. वातरक्त म्हणून वर्णिलेल्या म्हाताऱ्यांपैकी किती जणांच्या गुडघ्यात कॅल्शियम असेल! आज वातरक्त म्हणजेच गाऊट असे सरसकट लिहिले जाते, ते मला म्हणूनच पटत नाही. जुन्या नावाला नव्या नावाची चिठ्ठी चिकटवली की जुन्या माणसाने खरोखर काय पाहिले ते झाकले जाते.

आत पाहण्याची पहिली नोंद १६७९ सालची आहे. डेल्फ्टचा कापडव्यापारी अँटनी व्हॅन लेव्हेनहुक याने गाऊटच्या गाठीतून निघालेला पांढरा चुना स्वतःच घासलेल्या भिंगाखाली ठेवला आणि त्याला दोन्ही टोकांना निमुळत्या बारीक काड्या दिसल्या. त्या कशाच्या, हे त्याला कळणे शक्यच नव्हते. युरिक ॲसिड हा पदार्थच शोधला गेला १७७६ साली, शेले या रसायनशास्त्रज्ञाकडून, मुतखड्यातून. १७९७ मध्ये वोलॅस्टनने दाखवले की गाऊटच्या गाठीही त्याच जातीच्या आहेत. लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉडने १८४८ साली गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक ॲसिड वाढलेले दाखवले, आणि पुढे एक गमतीदार चाचणी काढली: रक्ताच्या पाण्यात थोडे आम्ल घालायचे, त्यात लिननचा धागा सोडायचा, आणि धाग्यावर खडीसाखरेसारखे स्फटिक चढतात का ते पाहायचे. आजची युरिक ॲसिडची रक्तचाचणी ही त्या धाग्याचीच नात.

इथे एक वळण चुकले. सांध्यात काय आहे हे पाहण्याऐवजी रक्तात काय आहे हे मोजणे सोपे होते, म्हणून वैद्यक तिकडे गेले. १८९९ साली फ्रॉइडवाइलर नावाच्या डॉक्टराने युरेटचे स्फटिक प्राण्यांच्या शरीरात टोचून सूज येते हे दाखवले होते. म्हणजे दुखणे रक्तातल्या आम्लाचे नसून रुतणाऱ्या खड्याचे आहे. पण ते काम साठेक वर्षे कोणी उघडले नाही.

दुसरा चकवा औषधाचा होता, आणि त्याचा एक धागा आपल्या रानापर्यंत येतो. पावसाळ्यात मेळघाटात कुंपणावर, झुडपांवर चढलेली कळलावी बहुतेकांनी पाहिली असेल. ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुले, पानाच्या टोकाला वेलीसारखा आकडा. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असते. अत्यंत जहरी वनस्पती आहे ती, हौसेने हात लावू नये. तेच कोल्चिसिन युरोप-इराणकडच्या सुरंजान या कंदात असते. युनानी हकीम सांधेदुखीला सुरंजान देत आले, आणि सहाव्या शतकातल्या ट्रॅलेसच्या अलेक्झांडरनेही ते गाऊटला सांगितले होते. १८२० साली पेल्तिए आणि काव्हांतू यांनी त्यातले द्रव्य वेगळे काढले. कोल्चिसिनने सांधा उतरला की तो गाऊटच, असा एक अलिखित नियम पुढे डॉक्टरांत रुजला. प्रत्यक्षात कोल्चिसिन कॅल्शियमच्या खड्यांच्या सुजेवरही चालते. सोंग घेणाऱ्याला पकडायला जे आमिष लावले, तेच त्याला आवडत होते.

आता १९६१ कडे येऊ. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात डॅनियल मकार्टी आणि त्याचे गुरू जोसेफ हॉलंडर यांनी सुजलेल्या सांध्यातले ताजे पाणी सुईने काढून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. या यंत्रात प्रकाशाच्या वाटेवर दोन गाळण्या असतात आणि त्या एकमेकींना आडव्या लावल्या की सगळे दृश्य काळे होते. पण मध्ये एखादा विशिष्ट जातीचा स्फटिक आला तर तो प्रकाशाला वळण देतो आणि त्या काळोखात चमकून उठतो. युरेटच्या सुया लख्ख चमकल्या. युरिकेज नावाचे विकर घातले की त्या विरघळून जात, म्हणजे शंकाच नको. गाऊटचे निदान पहिल्यांदाच अंदाजाच्या नव्हे, डोळ्याच्या हवाली झाले.

आणि मग अडचण आली. गाऊट म्हणून दाखल झालेल्या काही रुग्णांच्या पाण्यातले स्फटिक वेगळेच निघाले. सुईसारखे नव्हे, आखूड, चौकटीच्या किंवा विटेच्या तुकड्यासारखे, चमक फिकी, युरिकेज घातले तरी ढिम्म. मकार्टी, नॉर्मन कोन आणि जेम्स फेअर्स यांनी त्यांचे क्ष-किरण विवर्तन केले, म्हणजे एखाद्या खनिजाची ओळख पटवायला जे करतात तेच, आणि १९६२ साली जाहीर केले की हे कॅल्शियम पायरोफॉस्फेट आहे. ‘स्यूडोगाऊट’ हे नाव त्याच लेखातले. त्याच वर्षी फेअर्स आणि मकार्टी यांचा ‘लॅन्सेट’मधला आणखी एक लेख आहे: खड्यांनी सूज येते हे सिद्ध करण्यासाठी या दोघांनी युरेटचे स्फटिक स्वतःच्या धडधाकट गुडघ्यांत टोचून घेतले. व्हायचे तेच झाले, दोघे कळवळले. आज कोणतीही नीतिसमिती याला परवानगी देणार नाही, आणि देऊही नये.

याच सुमारास तिकडे चेकोस्लोव्हाकियात, पिएश्त्यानी या गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध गावी, झित्नान आणि सितॉय हे दोन डॉक्टर वेगळ्या टोकाने त्याच ठिकाणी पोचत होते. आपल्याकडे लोक वज्रेश्वरीच्या कुंडांवर जातात तसे तिथे सांधेदुखीवाले येत. या दोघांनी क्ष-किरण चित्रांत पाहिले, की काही रुग्णांच्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या मऊ गादीत, चुन्याची बारीक पांढरी रेघ आहे, आणि असे रुग्ण ठराविक कुटुंबांत एकवटले आहेत. त्यांनी पाहिलेली रेघ आणि फिलाडेल्फियात दिसलेला खडा ही एकाच आजाराची दोन दर्शने होती. पुढे २००२ साली अशा कुटुंबांतला दोष पाचव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सापडला. पेशीतून पायरोफॉस्फेट बाहेर नेण्याशी त्याचा संबंध आहे. बहुतेक रुग्णांत मात्र आनुवंशिक असे काही नसते. वय हेच कारण.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ध्रुवित प्रकाशाचे सूक्ष्मदर्शक हे मुळात डॉक्टरांचे हत्यार नव्हेच, ते दगड पाहणाऱ्यांचे. १६६९ साली बार्थोलिनने आइसलंडमधल्या पारदर्शक कॅल्साइटमधून पाहिले तर एका रेघेच्या दोन दिसतात हे नोंदवले, १८२८ मध्ये निकोलने त्याच कॅल्साइटचा लोलक केला, आणि त्यानंतर भूवैज्ञानिकांनी खडकांचे कागदाहून पातळ काप करून ते त्या प्रकाशात वाचायला सुरुवात केली. नागपूरला हे यंत्र परके नाही. मध्य प्रांतातल्या मँगनीजवर लुई फर्मोरने १९०९ साली जो प्रचंड ग्रंथ लिहिला, त्यातल्या खनिजांची ओळख याच शास्त्राने पटवलेली. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय इथे, सिव्हिल लाइन्सला; भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्राचे कार्यालय सेमिनरी हिल्सला. (प्रकाशाचे वेड असलेले सी. व्ही. रामनही अर्थखात्याच्या नोकरीत १९१० मध्ये काही काळ नागपुरात होते, पण तो निव्वळ योगायोग.) म्हणजे खडा कसा ओळखावा हे या शहराला शंभर वर्षे येते. फक्त तो खडा खाणीतला असला पाहिजे. गुडघ्यातला असला तर त्याच शहरात तो ओळखणारा माणूस शोधावा लागतो.

असे का झाले याची कारणे दप्तरांत दिसतात. इंग्रजी अमलात रोगांची मोजदाद होई ती मृत्यूच्या नोंदींवरून: ताप, पटकी, देवी, हगवण, प्लेग. सांधेदुखीने माणूस मरत नाही, म्हणून तिला रकाना नाही. शिवाय स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. बालमृत्यूंमुळे तो आकडा खाली ओढला गेला होता हे खरे, तरी सत्तरी गाठणारे त्या मानाने थोडेच. आज सरासरी सत्तरीच्या घरात आली आहे. जो आजार म्हातारपणातच उगवतो तो दिसायला समाज म्हातारा व्हावा लागतो. १९४७ साली नागपूरला मेडिकल कॉलेज निघाले तेव्हा त्याच्यापुढची कामे क्षय, हिवताप, बाळंतपणे ही होती. त्याही स्थितीत मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये केली. तीही सूक्ष्मदर्शकातूनच आलेली गोष्ट. तोवर त्या मुलांच्या हाडांच्या कळांनाही ‘वात’च म्हणत असतील.

सांधेदुखी नीट मोजण्याचे महाराष्ट्रातले मोठे काम त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९९६ साली सुरू झाले, पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये. पुण्याचे डॉ. अरविंद चोपडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची विचारपूस केली. सुमारे १८ टक्के लोकांनी दुखणे सांगितले. त्यात झिजेचे आणि ज्याला नेमके नाव देता येत नाही असे दुखणे सर्वांत जास्त. गाऊट फारच थोडा. लॅबच्या कागदांवरून वाटतो तेवढा गाऊट त्या गावात नव्हता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. एक मर्यादाही ध्यानात घ्यावी: घरोघर फिरणारे सर्वेक्षण सांध्यात सुई घालत नाही. दुखणाऱ्या गुडघ्यांपैकी किती गुडघ्यांत कॅल्शियमचा खडा आहे, हा प्रश्न अशा मोजणीच्या पलीकडे राहतो.

विदर्भात आणखी काही पडदे आहेत. चंद्रपूर-यवतमाळच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडने हाडे-सांधे आखडतात. सिकलसेलच्या कळा आहेतच. २००६ च्या चिकनगुन्याच्या साथीनंतर तर पुढची काही वर्षे प्रत्येक सुजलेला सांधा ‘चिकनगुन्याचा उरलेला’ ठरत असे. इतक्या गर्दीत एका म्हाताऱ्या बाईच्या गुडघ्यातला फिकट, विटेच्या आकाराचा स्फटिक कोणाला दिसावा?

ती म्हातारी बाई माझी आई. बहात्तराव्या वर्षी तिचा उजवा गुडघा पहिल्यांदा फुगला. ज्या डॉक्टरांकडे नेले त्यांनी रक्त तपासले. युरिक ॲसिड ५.८ आले, म्हणजे ठीकच. ‘झटक्याच्या वेळी ते कमी दिसते’ असे म्हणून गाऊटची गोळी सुरू झाली. हे वाक्य खोटे नाही. खऱ्या गाऊटच्या झटक्यातही रक्तातला आकडा सामान्य येऊ शकतो. पण त्याचा अर्थ रक्ताने निर्णय होत नाही एवढाच. गाऊट आहे असा नव्हे. त्यानंतर सहा वर्षे दर काही महिन्यांनी गुडघा किंवा मनगट सुजत राहिले, गोळीचा डोस वाढत गेला आणि ताट रिकामे होत गेले. तुरीचे वरण बंद, टोमॅटो बंद, पालक बंद, गोळाभात बंद. विदर्भातल्या घरात वरण बंद करणे म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. आई मुगाच्या पाण्याशी पोळी खात असे आणि बोलत नसे.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती न्हाणीघरात पडली, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी दुसरा, म्हणजे डावा गुडघा फुगला आणि अंगात ताप भरला. सगळे धास्तावले: जंतुसंसर्ग तर नाही? तपासणीला आलेल्या मेडिसिनच्या एका तरुण डॉक्टरबाईंनी सुई घालून गढूळ पिवळे पाणी काढले, अर्धे जंतूंच्या तपासणीला धाडले आणि उरलेले स्वतः घेऊन गेल्या. जंतू निघाले नाहीत. खडे निघाले. शस्त्रक्रिया किंवा मोठे आजारपण यानंतर दोन-तीन दिवसांनी असा झटका येणे हे या आजाराचे नेहमीचे वागणे आहे, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी आमची जुनी फाईल मागितली. सहा वर्षांपूर्वीच्या एक्स-रेमध्ये गुडघ्याच्या गादीत ती पांढरी रेघ होती. पेन्सिलीने ओढल्यासारखी. रिपोर्टात तिच्याबद्दल एक शब्द नव्हता.

‘आजी, तुम्हाला गाऊट नाहीच,’ बाई म्हणाल्या.

आईने विचारले, ‘मंग वरण चालते का, बाई?’

या आजारासाठी कोणत्या डॉक्टरकडे जावे, असे मला आता पुष्कळ जण विचारतात. मी औषध सांगत नाही, पण वाचून आणि हिंडून झालेले माझे मत सांगतो. आपण सवयीने ‘हाडांच्या डॉक्टर’कडे जातो. अस्थिरोगतज्ज्ञ हा शल्यविशारद. मोडलेले हाड, झिजलेला सांधा बदलणे हे त्याचे क्षेत्र. सुजेच्या आजारांचा तज्ज्ञ वेगळा: संधिवाततज्ज्ञ, इंग्रजीत रुमॅटॉलॉजिस्ट. तो शस्त्रक्रिया करीत नाही, मेडिसिनमध्ये एम.डी. झाल्यावर साधारण तीन वर्षे या विषयाचा डी.एम. किंवा त्याच तोडीचा अभ्यासक्रम केलेला असतो. पाटीवर ‘संधिवात’ हा शब्द कोणीही लिहितो, म्हणून पाटीवरची पदवी वाचावी आणि शंका आली तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची नोंद पाहावी. असे तज्ज्ञ नागपुरात आहेत, पण गडचिरोली-गोंदियापासून पलीकडच्या छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रुग्ण याच शहरात येतात, तेव्हा ते पुरे पडत नाहीत. मेडिकल, मेयो आणि मिहानमधले एम्स ही सार्वजनिक दारे आहेत. तिथेही आधी मेडिसिनच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन सांध्याचे पाणी तपासायचे आहे असे स्पष्ट म्हणावे.

पदवीइतकाच महत्त्वाचा आहे एक प्रश्न, आणि तो विचारायला लाजू नये: सांध्यातले पाणी काढणार का, आणि ते कोण, कशाखाली पाहणार? ज्या सामान्य फिजिशियनने किंवा अस्थिरोगतज्ज्ञाने सुजलेल्या गुडघ्यातून पाणी काढून त्याच दिवशी योग्य ठिकाणी पाठवले, तो माझ्या लेखी न पाहता गोळी लिहिणाऱ्या मोठ्या तज्ज्ञापेक्षा बरा. पाणी ताजे असताना, काही तासांच्या आत पाहिले जावे. कॅल्शियमचे खडे फिके असतात, कित्येक तर ध्रुवित प्रकाशातही चमकत नाहीत, म्हणून पाहणाऱ्याचा डोळा मुरलेला लागतो. ‘स्फटिक दिसले नाहीत’ असा एक रिपोर्ट म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. युरेटची सुई आणि कॅल्शियमची वीट एकाच सांध्यात एकत्रही सापडतात. पाणी काढणे शक्य नसेल तर साधा एक्स-रे, आणि सोनोग्राफी: युरेट कूर्चेच्या पृष्ठभागावर थर धरते, कॅल्शियम तिच्या आत ठिपक्यांसारखे दिसते. जाणकाराला हा फरक कळतो.

एका बाबतीत मात्र तज्ज्ञ शोधत बसू नये. सांधा एकाएकी तापून सुजला आणि ताप आला, तर त्याच दिवशी जे मोठे रुग्णालय जवळ असेल तिथे जावे. जंतुसंसर्ग असेल तर सांधा काही दिवसांत नासतो, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. खडे सापडले म्हणून जंतू नाहीत असेही नसते. दोन्हींसाठी तपासणी व्हावी लागते. म्हाताऱ्या माणसाची मान अचानक ताठरली आणि ताप आला, तर मेंदूज्वराबरोबर या आजाराचाही विचार करतात: मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या सुळक्याभोवती कॅल्शियम मुकुटासारखे बसते, सीटी स्कॅनमध्ये ते दिसते. आणि रुग्ण साठीच्या आतला असेल तर केवळ सांध्यावर थांबू नये. रक्तातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, पॅराथायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक आणि लोह तपासतात, कारण या चारांपैकी एखादा बिघाड मुळाशी असू शकतो आणि मग योग्य तज्ज्ञही बदलतो.

उपचारांचे म्हणाल तर युरेट विरघळवणाऱ्या गोळ्या आहेत, कॅल्शियम पायरोफॉस्फेट विरघळवणारे औषध आजही नाही. पाणी काढले की निम्मा ताण उतरतो. सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन, थोड्या दिवसांची स्टेरॉइडची गोळी किंवा कमी मात्रेत कोल्चिसिन, यांतले काय द्यायचे ते मूत्रपिंड, साखर आणि चालू असलेली बाकीची औषधे पाहून डॉक्टर ठरवतात. कोल्चिसिन म्हाताऱ्यांना आणि मूत्रपिंड दुबळे असणाऱ्यांना जड जाते. दूध बंद करायची गरज नाही; खाण्यातल्या कॅल्शियमने हे खडे होत नाहीत. युरिक ॲसिडची गोळी या खड्यांना काहीच करीत नाही.

युरोपातल्या तज्ज्ञांनी २०११ साली ‘स्यूडोगाऊट’ हे नाव सोडून देण्याची शिफारस केली. त्याऐवजी खड्याचेच नाव घ्यावे: कॅल्शियम पायरोफॉस्फेट स्फटिकांचा तीव्र संधिदाह. मला हे रुचले, बोजड असले तरी. या आजाराने कधी सोंग घेतले नव्हते; आपण त्याला दुसऱ्याचे कपडे घातले होते. २०२३ मध्ये अमेरिका आणि युरोपच्या संघटनांनी मिळून या आजाराचे वर्गीकरण-निकष ठरवले. त्यात लक्षणांना, एक्स-रेला, रक्ताच्या आकड्यांना गुण आहेत. पण दुखऱ्या सांध्याच्या पाण्यात हा एक स्फटिक दिसला की बाकीची बेरीज करावीच लागत नाही.

आई आता चौऱ्याऐंशीची आहे. वर्षातून एखाद-दुसरा झटका येतोच. तिच्या फायलीच्या पहिल्या पानावर मी मराठीत आणि इंग्रजीत ठळक लिहून ठेवले आहे: सांध्याच्या पाण्यात कॅल्शियम पायरोफॉस्फेट सापडले, तारीख, कोणत्या गुडघ्यातून. रात्री-बेरात्री नवा डॉक्टर समोर आला तर त्याने आधी ते पान वाचावे, आणि तरीही नव्याने सुई घालून पाहावे.